सात वर्षांनी परकराला डाग

पत्र थोडक्यात असं: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका बाईंनी लिहिलंय. वय ५८, वजन ८२ किलो, बीपी आणि साखर दोन्हीच्या गोळ्या चालू. घरी पती, मुलगा, सून, नातू. बाई शिवणकाम करतात. पाळी ५१व्या वर्षी थांबली. दोन महिन्यांपूर्वी परकराला गुलाबीसा डाग दिसला, पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि मग एकदा चांगलं लाल, दोन दिवस. जाऊबाई म्हणाल्या, "उष्णता आहे, सब्जा घे." मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, तेवढ्यापुरतं थांबलं, गोळ्या सोडल्यावर पुन्हा आलं. शेवटी दोन बाटल्या पाणी पिऊन तालुक्याला सोनोग्राफी केली. रिपोर्टात गर्भपिशवीचं अस्तर ९ मिलिमीटर आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, "पिशवीचं काम संपलंय, काढून टाकू. पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा." दोन वर्षांपूर्वी शिबिरात केलेली पॅप टेस्ट नॉर्मल होती. पुतणीचं लग्न २६ दिवसांवर आलंय. बाई विचारतात, पाळी परत आली का? पिशवी काढून टाकावी का? लग्न उरकेपर्यंत थांबलं तर चालेल का? जाऊबाई सोडून घरात कुणाला ठाऊक नाही. परकर रात्री धुऊन बाथरूममध्येच वाळत घालतात, आणि दोन महिने देवघरात पाऊल टाकलेलं नाही.

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. "जातंय तेही थोडंच, पाव चमचाही नसेल." कापडावरचा डाग शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटत नाही, म्हणून तुमच्या मापावर माझा विश्वास आहे. पण इथे मापाचा काही उपयोग नाही. पाळी सलग बारा महिने आली नाही की ती कायमची गेली असं आम्ही धरतो, आणि त्यानंतर दिसलेला एक थेंबही तपासायचा असतो. गुलाबी असो, तपकिरी असो, नुसतं पुसताना कागदाला लागलेलं असो. भरपूर गेलं म्हणजे मोठा आजार आणि थेंबभर गेलं म्हणजे क्षुल्लक, असा हिशेब शरीर करत नाही. धो-धो रक्त येऊन साधा पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा मऊ कोंब, निघालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि दोनच डागांवर यायला लाज वाटत होती म्हणणाऱ्या बाईचा रिपोर्ट वाईट आलेलाही पाहिला आहे.

पहिला प्रश्न आधी मिटवू. पाळी परत आलेली नाही. बीजकोशातला स्त्रीबीजांचा साठा संपला म्हणून पाळी थांबते, आणि सात वर्षांनी तो काही नव्याने भरत नाही. चाळिशीच्या शेवटी पाळी चार-पाच महिने दडी मारते आणि पुन्हा येते ते वेगळं, तेव्हा ती जायच्या वाटेवर असते. तुमची जाऊन सात वर्षं झाली. तेव्हा हे विटाळही नव्हे. विळीवर भाजी चिरताना बोट कापलं तर त्या रक्ताला आपण विटाळ म्हणतो का? हे रक्त त्याच्याच जातीचं. देवघरात जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण पाळी आली म्हणून जात नसाल तर ते कारण खोटं आहे, एवढं मी डॉक्टर म्हणून सांगू शकते. (बाई म्हणून मला आणखीही बरंच म्हणायचंय, ते पुन्हा कधीतरी.)

जाऊबाईंच्या सब्जाने अपाय काही नाही. उष्णता या शब्दाने मात्र आपल्याकडे फार नुकसान केलंय. तोंड आलं, उष्णता. लघवीला जळजळ, उष्णता. पाळी गेल्यावर रक्त, तरी उष्णताच. एकदा कारण सापडलं असं वाटलं की माणूस पुढे शोधायचं थांबतो, आणि तुमचे त्यातच दोन महिने गेले.

मग हे येतंय कुठून? बहुतेक वेळा साध्या कारणाने. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, योनीची आणि पिशवीची आतली त्वचा पातळ, कोरडी, नाजूक होते आणि जराशा घर्षणानेही तिला ओरखडा येतो. पतीजवळ गेल्यानंतर डाग दिसतो का, हे म्हणूनच डॉक्टर विचारतात. तुम्ही "आता आमचं तसलं काही नाही" असं लिहून विषय संपवलात. नसेल तर नसेल. पण ही ओळ वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं असेल, आणि संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर तिने ते लाजून गाळू नये, कारण पिशवीच्या तोंडाच्या आजाराची ती एक ठळक खूण आहे. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पॉलिप. कधी तांबी निघते. हो, तांबी! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर बसवलेली आणि मग सगळेच विसरलेली. तुम्ही कधी बसवली होती का, आणि काढल्याचं नक्की आठवतंय का, हे बसून आठवा.

कधी रक्त त्या वाटेचं नसतंच. लघवीच्या जागेतून किंवा मूळव्याधीतून येतं आणि परकराला लागलं की सारखंच दिसतं. पुढच्या वेळी डाग दिसला तर स्वच्छ पांढऱ्या कापसाच्या तीन बोळ्यांनी तिन्ही जागा वेगवेगळ्या टिपून बघा, कुठला बोळा रंगतो. घरच्या घरी होतं आणि डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. पण कुठलाच बोळा रंगला नाही म्हणून जाणं रद्द करू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रभर ज्याच्याभोवती फिरलात ते. कॅन्सर असेल का? जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तर पाळी गेल्यानंतर रक्त गेलेल्या १०० बायकांमध्ये साधारण ९ जणींना पिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघतो. म्हणजे ९० हून अधिक जणींना निघत नाही. उलट बाजूने पाहिलं तर आणखी काही कळतं: तो कर्करोग झालेल्या १०० जणींपैकी सुमारे ९० जणींना आधी असंच रक्त गेलेलं असतं. फार थोडे कर्करोग इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्ट हाक मारतात. पिशवीपुरता असतानाच सापडला तर पाच वर्षांनंतरही दहातल्या नऊहून जास्त बायका हिंडत-फिरत असल्याचं अमेरिकेतली आकडेवारी सांगते. तिथवर पोचायची वेळ आली तरी वाट आहे, एवढ्यासाठी हे सांगितलं.

तुमच्या बाबतीत मी खोटा धीर देणार नाही. वजन, साखर आणि बीपी, या तिन्हींमुळे तुमची जोखीम सरासरीपेक्षा जास्त आहे. त्यामागचं कारण फारसं कुणी समजावून सांगत नाही. बीजकोश थांबले तरी अंगातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते. चरबी जास्त तर तेही जास्त. इस्ट्रोजेनने अस्तर वाढतं. पूर्वी दर महिन्याला दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, त्या वाढीला लगाम घालायचं आणि पाळीवाटे अस्तर निघून जायचं. आता तो लगामच नाही. तुमच्या भागात उसाला पाटाचं पाणी सुटतं तसं समजा, पाणी चालू आहे आणि तोड मात्र बंद. अस्तर दाट होतं, मग कधीतरी त्यातल्या पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात.

तुमच्या ९ मिलिमीटरचा अर्थ इथे लागतो. पाळी गेलेल्या आणि रक्त गेलेल्या बाईचं अस्तर आतून, म्हणजे योनीमार्गे, केलेल्या सोनोग्राफीत ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोग असायची शक्यता १०० मध्ये एकीपेक्षाही कमी राहते. अशा बाईला आम्ही सहसा लगेच आणखी काही करत नाही. पुन्हा रक्त गेलं तर मात्र तिच्याही अस्तराचा तुकडा काढून तपासायचा, अस्तर कितीही पातळ असो. तुमचं ९ आहे. ९ म्हणजे कर्करोग नव्हे. पॉलिप असेल, नुसती वाढ असेल, दुसरं काही असेल. सोनोग्राफीला जाडी दिसते, जात दिसत नाही. कापड जाड आहे हे लांबून कळतं, पण सुती की टेरिकॉट ते बोटांत धरल्याशिवाय तुम्ही तरी सांगाल का?

तुम्हाला दोन बाटल्या पाणी प्यायला लावलं, म्हणजे सोनोग्राफी पोटावरून झाली. पोटावरून अस्तर नीट मोजता येत नाही, विशेषतः पोट सुटलेलं असेल तर. आतून करायची तपासणी लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून करतात. अंगठ्याएवढ्या जाडीची, जेल लावलेली दांडी असते, पाच-दहा मिनिटं लागतात. नको वाटतं हे खरं, पण दुखायला नको, आणि दुखलं तर थांबा म्हणायचं. तुमच्या बाबतीत ती केली तर चांगलंच. पण तिच्यासाठी पुढचं अडवू नका, कारण ९ हा आकडा तुकडा घ्यायला पुरेसा आहे.

आणखी एक. एवढ्या मोठ्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. कुणी तुम्हाला टेबलावर घेऊन आतून तपासलं का? उपकरण लावून पिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहिलं का? पाहिलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं असं वाटतं. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आपल्या देशात बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो, आणि तो पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तुमची शिबिरातली पॅप टेस्ट याच तोंडाची होती. ती पिशवीच्या आतल्या अस्तराची तपासणीच नव्हे. दाराची चौकट बघितली म्हणून माजघर बघितलं असं होत नाही. शिवाय ती दोन वर्षांपूर्वीची आहे, आणि रक्त आता जातंय. रक्त जात असताना तपासणीला कसं जाऊ, असं वाटून पुष्कळ जणी तारीख पुढे ढकलतात. तसं करू नका. कुठून येतंय ते रक्त चालू असतानाच जास्त चांगलं दिसतं.

आता "पिशवीचं काम संपलंय". हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्या जात असल्याचं २०१९ साली गाजलं, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. गरज नसताना पिशवी काढणं थांबवायच्या मार्गदर्शक सूचना लागू करा, असा आदेश २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना दिला. तुमच्या जाऊबाईंची पिशवी ३६व्या वर्षी "पांढरं जातंय" म्हणून काढली, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला ते सहज वाचता आलं नाही.

पण तुमची गोष्ट त्यांच्यासारखी नाही, आणि पिशवी काढूच नका असं मी म्हणत नाही. कदाचित शेवटी काढावीच लागेल. माझा आक्षेप क्रमाला आहे. आत काय आहे हे कळल्याशिवाय काढली तर दोन्हीकडून तोटा होऊ शकतो. साधा पॉलिप असेल तर दुर्बिणीतून तेवढाच काढून बाई संध्याकाळी घरी जाते. त्यासाठी साखर-बीपी असलेल्या ५८ वर्षांच्या बाईला मोठ्या ऑपरेशनला घालायचं कशाला? उलट आत कर्करोग असेल तर नुसती पिशवी काढणं अपुरं ठरतं. अस्तराचा असेल तर नळ्या आणि बीजकोशही काढायचे, रसग्रंथी बघायच्या, आणि पिशवी तुकडे न करता अखंड बाहेर काढायची. आधी एमआरआय करून तो किती खोल गेलाय तेही बघायचं असतं. तोंडाचा असेल तर ऑपरेशनच वेगळं, किंवा ऑपरेशन नाहीच, थेट रेडिएशन. आधी साधं ऑपरेशन होऊन गेलं आणि आठ दिवसांनी रिपोर्टात कर्करोग निघाला, की पुढचे सगळे उपचार अवघड होतात. टाके वाळत नाहीत तोवर पुन्हा पोट उघडायची चर्चा सुरू झालेली माणसं मी पाहिली आहेत. कापायच्या आधी माप घ्यायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार!

ते माप म्हणजे अस्तराचा तुकडा. लोक त्याला तुकडा म्हणतात म्हणून घाबरतात, वाटतं आतून काहीतरी कापणार. प्रत्यक्षात बॉलपेनच्या रिफिलसारखी बारीक, लवचिक प्लास्टिकची नळी असते. ओपीडीतच, बहुतेकदा भूल न देता, ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात, आतली दांडी ओढली की अस्तराचे कण नळीत खेचले जातात. मिनिट-दीड मिनिट पाळीत दुखायचं तशी कळ येते, कुणाला जास्त, कुणाला कमी. नंतर थोडा वेळ पडून राहायचं, चहा घ्यायचा आणि घरी यायचं. तासभर आधी दुखण्याची गोळी घेता येते, पण साखर-बीपी असल्याने कुठली ते डॉक्टरांना विचारून घ्या. पाळी गेल्यावर कधी कधी पिशवीचं तोंड आवळलेलं असतं आणि नळी आत जात नाही. किंवा कण पुरेसे मिळत नाहीत आणि रिपोर्टात ‘नमुना अपुरा’ असं येतं. ते ‘नॉर्मल’ नव्हे. तुमच्याइतकं दाट अस्तर असताना अपुरा नमुना आला तर थोडी भूल देऊन दुर्बिणीने आत बघून नमुना घ्यायचा. जुन्या पद्धतीचं क्युरेटिंगही, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, चालतं, पण दुर्बिणीने जिथे शंका तिथलाच नमुना घेता येतो, पॉलिप असेल तर त्याच वेळी काढता येतो.

"हात लावला की आजार पसरतो" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणार, नसेल तर जायच्या आदल्या दिवशी नक्की सांगेल. नमुना घेतल्याने कर्करोग पसरत नाही. असलाच तर पसरतो तो न तपासता ठेवल्याने.

रिपोर्ट यायला साधारण आठवडा लागतो. अस्तर सुकलेलं असेल किंवा साधा पॉलिप असेल तर प्रश्न मिटला. कोरडेपणासाठी लावायचं मलम मिळतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ‘हायपरप्लेसिया’ असा शब्द असेल तर घाबरून शेजारच्या शिकलेल्या मुलीला गुगल करायला लावू नका. त्याचा अर्थ अस्तराची जास्त वाढ. त्यापुढे ‘एटिपिया नाही’, म्हणजे पेशी वेड्यावाकड्या झालेल्या नाहीत, असं असेल तर गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या तांबीसारख्या साधनाने बहुतेकदा आटोक्यात येतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा नमुना घेतात. ‘एटिपिया आहे’ असं असेल तर तुमच्या वयात पिशवी काढायचाच सल्ला मिळेल आणि तो बरोबर असेल, कारण अशा अस्तरात कर्करोग आधीच दडलेला असण्याची शक्यता बरीच असते. आणि रिपोर्टात कर्करोगच असेल, तर स्त्रियांच्या कर्करोगाच्या ऑपरेशनांचा सराव असलेल्या सर्जनकडे जायचं, लग्नघराशेजारच्या नर्सिंग होममध्ये नाही.

लग्नाकडे येते. २६ दिवस आहेत. तपासणी आणि नमुना एका सकाळचं काम, रिपोर्टला आठवडा. म्हणजे हळदीच्या आधी उत्तर हातात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ५५ वर्षांच्या पुढच्या बाईला असं रक्त दिसलं की तिला कर्करोगाच्या संशयितांच्या तातडीच्या रांगेत घालतात. तुमचे दोन महिने सब्जा आणि गोळ्यांत गेले आहेत. आता लग्न, मग सत्यनारायण, मग अधिक महिना, मग उसाचं बिल, असं आपल्या घरांत थांबायला कारण कधी कमी पडत नाही. ऑपरेशन लागलंच तर ते लग्नानंतर ठेवता येईल का, हे रिपोर्ट बघून डॉक्टरांशी बोलून ठरवा. पुष्कळदा दोन-तीन आठवडे इकडेतिकडे चालतात. नमुना मात्र याच आठवड्यात. आणि तासाला एक पॅड भिजू लागला, चक्कर आली, पोटात खूप दुखलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

तालुक्याच्या डॉक्टरांवर मी चिडून बोलले असेन, पण तुम्ही भांडू नका. सरळ म्हणा, "डॉक्टर, आधी आतून तपासून तुकडा पाठवू, रिपोर्ट आला की ऑपरेशनचं ठरवू." बरेच जण हो म्हणतील. "गरज नाही" म्हणाले तर सोनोग्राफीचा कागद आणि फिल्म मागून घ्या, ते तुमचे आहेत. साताऱ्याला आणि मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, तिथे स्त्रीरोग विभागात हे रोजचं काम आहे. बाई डॉक्टर हवी असेल तर केसपेपर काढतानाच सांगा. पुढे ऑपरेशन किंवा कर्करोगाचे उपचार लागले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, आपला उपचार आणि ते रुग्णालय त्यात बसतं का ते तो सांगतो. घरचं सोनं आधी मोडू नका.

घरात सांगायचं. तुम्ही लिहिलंत, "सुनेला काय वाटेल." ताई, जी सून रोज बाथरूम धुते तिला तुमचे रात्री वाळत घातलेले परकर दिसले नसतील असं तुम्हाला खरंच वाटतं? तिला बहुधा ठाऊक आहे आणि विचारायचं कसं म्हणून ती गप्प आहे. तिला एवढंच सांगा, "पाळी जाऊन सात वर्षं झाली, तरी रक्त जातंय. तपासायला जायचंय, तू चल." पतींना तिच्यादेखत सांगा म्हणजे दोनदा सांगावं लागणार नाही. मी असं पाहिलंय की पुरुष माणसं "बायकांचं काहीतरी" म्हटलं की उठून जातात, पण "आत काय आहे ते तपासायचंय" म्हटलं की गाडी काढतात.

तुमच्यासारखीच पत्रं आणखी तीन-चार आहेत, त्यांना इथेच दोन ओळींत उत्तर देते. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईंनी अस्तराच्या जाडीवर विसंबू नये. त्या गोळीने अस्तर तसंही जाड दिसतं, त्यांना रक्त गेलं की थेट नमुनाच घ्यायचा. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी "गोळीमुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नये. गोळी रक्त वाढवते, पण ते कुठूनतरी येत असतंच, ती जागा शोधावी लागते. आणि ज्यांच्या घरात आई-मावशी-भावंडांत आतड्याचा किंवा पिशवीचा कर्करोग कमी वयात झालाय, त्यांनी ते न विचारता डॉक्टरांना सांगावं.

जाताना एक कागद करा. पहिला डाग कधी, मग कधी कधी, किती दिवस, रंग कसा, हे तुम्ही ब्लाउजची मापं लिहिता तसं एकाखाली एक. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, गुडघ्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. नमुना घेतला की तो औषधी पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकतात. बाटलीवर तुमचंच नाव लिहिलंय हे सुनेला वाचायला सांगा. रिपोर्टसोबत प्रयोगशाळेचा नंबर जपून ठेवा. पुढे मोठ्या रुग्णालयात जावं लागलं तर ते ‘स्लाइड आणि ब्लॉक’, म्हणजे नमुन्याच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेला नमुना, मागतात, नुसत्या कागदावर त्यांचं भागत नाही.

आणि ताजा कलममध्ये तुम्ही विचारलंत की मेडिकलमधून आणलेल्यातल्या चार गोळ्या शिल्लक आहेत, लग्नाच्या दिवशी घेऊ का. नको. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, त्यांनी रक्त दबतं आणि आतलं अस्तर तपासताना वेगळं दिसू शकतं. याआधी घेतल्याचं डॉक्टरांना सांगा, तारखांसकट. उरलेली पट्टी त्याच पिशवीत घेऊन जा आणि टेबलावर काढून ठेवा.